भिंतीवर राहिलेली खळ

३ मार्च, सोमवार

मापांची जुनी वही सापडली, अर्ध्याहून जास्त कोरी. छाती, कंबर, बाही असे रकाने माझ्याच हाताने आखलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहिते. नवरा गेला त्या वर्षी शिवणाचं मशीन विकलं, त्याला सहा वर्षं झाली, पण कोरं पान टाकून द्यायचं म्हटलं की अजून जिवावर येतं. वाचणार कोणी नाही. घरात दुसरं माणूस म्हणजे माझी नणंद. वन्संना चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा कुठे ठेवला हे त्यांना कधीच आठवत नाही.

सुनेची सहा महिन्यांसाठी बदली झाली, एक एप्रिलपासून परगावी. लेकाच्या कामाच्या पाळ्या. ठिणगीची शाळा माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. नातीला ठिणगी हे नाव मीच पाडलं, सात वर्षांची आहे पण कुणाचं ऐकून घेत नाही, माझ्यावरच गेली आहे. मी फोनवर लेकाला म्हटलं, "पोरीला माझ्याकडे ठेव. मी काय मेलेय?" तो मग म्हणाला, "बघू, आई." मी म्हटलं, बघू काय बघू? तर म्हणे, "ती मधली खोली... मला ती खोली बघवत नाही."

एवढंच ना! मग खोली बदलते. तिथे तेहेतीस वर्षांपूर्वीचा भिंतीचा कागद आहे, पिवळ्या फुलांचा, कोपऱ्यात ओल आलेला. त्यात पोर कशी राहील? सगळा ओरबाडून काढायचा आणि पोपटी रंग द्यायचा. महिना आहे हातात.

दुपारीच दाराजवळची सुटलेली कड धरली आणि ओढली. टर्रकन कमरेपर्यंत पट्टा आला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पुढचा पट्टा निघेना, तर भाजी चिरायची सुरी घातली खाली आणि सोलला. प्लास्टरचा तुकडाही आला बरोबर. दोन नखं मोडली, एक मुळापासून. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, भिंतीने काय घोडं मारलंय तुझं?"

मी म्हटलं, "भिंतीने नाही, तुमच्या भावाने."

४ मार्च, मंगळवार

तो. हो, एकेरीच लिहिणार. बेचाळीस वर्षं 'अहो' म्हणून झालं, त्यातल्या एकाही 'अहो'ची त्याची लायकी नव्हती. औषधांचा फिरता विक्रेता होता. पंधरा दिवस दौऱ्यावर, पंधरा दिवस घरी. दौऱ्याचे पंधरा दिवस आम्हा सगळ्यांची सुट्टी. घरचे पंधरा दिवस जिना चढतानाच्या पावलांवरून ओळखायचं, आज काय होणार ते. एकदा आमटीत मीठ नाही म्हणून माझं डोकं खिडकीच्या चौकटीवर तीन वेळा आपटलं. तीन वेळा, मोजून, पाढा म्हणावा तसं. चौथ्या दिवशी माझ्यासाठी साडी आणली. ती मी फाडून पुसणी केली.

सकाळी रंगाच्या दुकानात गेले. रंगवाला बरा माणूस, पन्नाशीचा, पोटावर रंगाचे डाग. फळीवरचा डबा काढायला त्याने पटकन हात वर केला आणि माझं कोपर आपोआप तोंडासमोर आलं. अजून येतं. मारणारा मरून सहा वर्षं झाली, पण कोपराला कोण सांगणार! रंगवाल्याने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मला त्याचाही राग आला.

मग त्याने सगळं समजावलं. कागद ओरबाडायचा नाही. वरून चरे मारायचे, कोमट साबणपाणी लावायचं, चहा होईपर्यंत थांबायचं, मग रुंद पट्टीने खरवडायचं. कागद निघाला की तो चिकटवलेली खळ भिंतीवर राहते, ती धुवायची. दिवा भिंतीला टेकवून धरला की खड्डे दिसतात, त्यांना पेन्सिलने गोल करायचे, पुट्टी भरायची, घासायचं, अस्तर, आणि वर रंगाचे दोन हात.

मी म्हटलं, "दोनच? माझ्या नवऱ्याचे मोजता आले नसते."

तो हसला नाही. म्हणाला, "आजी, दोघी बायका शिडीवर काम करणार, तर बोलून करा. 'हात वर', 'हात खाली', 'डबा येतोय'. न बोलता हलायचं नाही. खालचा दचकतो आणि मग दोघंही पडतात."

घरी येऊन वन्संना शिकवलं. संध्याकाळभर त्या चहाचा कपसुद्धा "कप येतोय!" म्हणून पुढे करत होत्या. हसून हसून पुरेवाट झाली.

७ मार्च, शुक्रवार

चारही भिंती उघड्या. तीन दिवस मी चरे मारत होते, वन्सं पाणी मारत होत्या. चरे मारायला रंगवाल्याने दातेरी चक्र दिलं होतं, पण मला माझी जुनी कात्रीच बरी वाटली. टोक रोवायचं आणि खसकन खाली. रोवायचं आणि खसकन खाली. प्रत्येक चऱ्याला मी त्याचं एकेक कर्म आठवत होते. चरे संपले, कर्मं उरली.

खळीवरून मात्र रंगवाल्याचं ऐकलं नाही. तो म्हणतो, गरम पाण्याने तीनदा धू, ओला तळवा फिरव, बुळबुळीत लागलं तर पुन्हा धू. अरे, मला खळ शिकवतोस? उभा जन्म खळीत गेला माझा. कॉलरला खळ, कफला खळ. खळ दिलेलं कापडच ताठ उभं राहतं. भिंतीला काय वेगळा न्याय? आयती खळ आहे तर राहू दे, रंग उलट घट्ट धरेल. आणि आज सात तारीख. धूत बसले तर पोर काय कॉलेजात गेल्यावर येणार?

८ मार्च, शनिवार

दिवा टेकवून बघितलं. बापरे. अंगावर देवी आल्यासारखी भिंत. वन्सं दिवा धरत होत्या, मी पेन्सिलने गोल करत होते आणि टेपने माप घेऊन वहीत टिपत होते, सवयच आहे. सत्तावीस गोल झाले.

तांब्याचा खड्डा, जमिनीपासून साठ इंच, माझ्या कपाळाच्या थोडा वर, कारण मी वाकले होते. खुर्चीच्या पायाचे दोन. त्याच्या अंगठीचा ओरखडा. सगळे ओळखीचे. खिडकीखाली, माझं मशीन असायचं तिथे, बारीक बारीक सरळ खाचा आहेत, बऱ्याचशा, खाली खाली. त्या काही आठवत नाहीत. पण घरात हात उचलणारा एकच होता, तेव्हा त्याच्याच.

आणि एक चव्वेचाळीस इंचावर, मशीनच्या समोरच्या भिंतीत. खोल चीर, आणि तिच्याखाली बसलेला बोथट खड्डा. वन्संनी दिवा तिथे धरला आणि धरूनच राहिल्या. मी म्हटलं, "हलवा की पुढे."

"हा आठवतो का तुला?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या दादाची कृपा, दुसरं काय? लेकाचा कान फाटला तो हाच असेल." लेकाच्या डाव्या कानाची पाळी खालून तुटकी आहे. बापाने ढकललं आणि तो खिळ्यावर पडला, हे मी सगळ्यांना सांगत आले आहे. सुनेला पाहायला गेलो तेव्हासुद्धा सांगितलं. वन्संनी दिवा पुढे सरकवला.

माझ्याकडे शिवण शिकायला मुली यायच्या. मीही पट्टी वापरायचे, बोटांवर एक, लाकडी पट्टीची. शिवण वाकडी गेली की एक. त्याला मार म्हणत नाहीत, त्याला शिस्त म्हणतात. लेकालाही तेवढंच. हल्लीची पोरं मार न खाल्लेली, म्हणून तर आईबापांच्या डोक्यावर मिऱ्या वाटतात.

१० मार्च, सोमवार

आज पुट्टी भरली. भरणं मला आवडलं नाही. खरवडण्यात जी मजा होती ती नाही. एकेक खड्डा बुजत होता आणि मला वाटत होतं, सुटला लेकाचा. पुरावाच गेला सगळा.

वन्सं स्टुलावर चढून वरचे खड्डे भरत होत्या. भरता भरता म्हणाल्या, "दादा रागीट होता गं, पण मनाने वाईट नव्हता."

झालं! माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "मनाचं मला काय करायचंय? मला हात लागायचा, मन नाही. आणि तुम्ही कोण बोलणार? तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचात. कडीचा आवाज यायचा मला. आधी कडी वाजायची, मग माझ्या पाठीत बसायची."

त्या म्हणाल्या, "लावायचे. दोन्ही वेळा लावायचे, वहिनी."

"दोन्ही वेळा म्हणजे काय?"

बोलेनात. तोंड फिरवून पुट्टी भरत राहिल्या. समोरचं माणूस असं मिठाची गुळणी धरून बसलं ना, की मला ते सहन होत नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मी स्टूल ओढलं. नुसतं ओढलं. त्या त्यावर उभ्या होत्या हे खरं.

मनगट सुजलं आहे. हाड मोडलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर वन्संनीच सांगितलं, "पडले." मी सांगायला लावलं नव्हतं. रात्री त्यांना भात कालवून भरवला. काही झालं तरी माणूस जिवाला जीव देणारं आहे माझं, आणि त्यांनाही माझ्याशिवाय कोण आहे?

१४ मार्च, शुक्रवार

घासून झालं, अस्तर दिलं. भिंतीलाही अस्तर असतं हे बघून मला बरं वाटलं. आमच्या धंद्यात म्हणतात, अस्तर चांगलं असलं की वरचं कापड भिकार असलं तरी चालतं. खोली अशी पांढरीशुभ्र झाली की कोणी म्हणेल, इथे कधी काही झालंच नाही.

लेकाला फोन केला. म्हटलं, रविवारी पोरीला घेऊन ये, तिच्यासमोर रंग लावते. पुन्हा "बघू". पण मागून ठिणगी ओरडली, "आजीकडे! आजीकडे!" मग "येतो" म्हणाला.

१६ मार्च, रविवार

आज काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. जसं झालं तसं लिहिते.

ते अकराला आले. मी पहिल्या भिंतीला पोपटी रंगाचा पहिला हात देऊन ठेवला होता, ओला, चकचकीत. लेकाने आधी आत्याचं मनगट बघितलं.

"आत्या, काय झालं?"

"पडले रे."

"कशावरून?"

"स्टुलावरून."

त्याने स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "म्हातारपण आहे, माणूस पडतं." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, भिंतीपासून लांब.

ठिणगी आत आली ती उड्या मारतच. "पोपटी! आजी, पोपटी!" आणि मी शिडीवरून उतरेपर्यंत तिने दोन्ही तळवे ओल्या भिंतीवर थापले आणि धावत, फर्र करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेले.

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. दोन आठवडे मी मरमर मरत होते. नखं गेली, गुडघे गेले. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि माझा हात वर गेला. हातात ब्रश होता, लाकडी मुठीचा, मूठ पुढे. मी मारणार नव्हते. देवाशपथ सांगते, मारणार नव्हते. बहुतेक ब्रश बाजूला ठेवणार होते.

ठिणगी तशीच उभी, पोपटी हात पसरून, हसत. तिने कोपर उचललं नाही. वर गेलेल्या हाताचं काय करायचं असतं, हे तिला माहीतच नाही.

लेक खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. दहा पावलांवर. त्याचं कोपर वर गेलं. डोकं खांद्यांत, डोळे मिटलेले, डावा कान हाताखाली झाकलेला. एकेचाळीस वर्षांचा बाप्या, टक्कल पडायला लागलेला, आणि असा.

मी म्हटलं, "काय रे, माशी आली का?"

त्याने कोपर खाली केलं. पोरीचे हात स्वतःच्या शर्टाला पुसले, तिला उचललं आणि गेला. चपला हातात घेऊन गेला, घातल्यासुद्धा नाहीत.

रंगाच्या वासाने त्याला चक्कर आली असेल. ते कोपर मात्र माझंच होतं. हुबेहूब. बाप मला मारायचा ते बघून शिकला असणार पोरगा. मेला तरी सोडत नाही हा माणूस आम्हाला.

१८ मार्च, मंगळवार

रंगाला भेगा गेल्या. सकाळी उठून बघते तर पोपट्याच्या खपल्या, कडा वळलेल्या, खाली अस्तर, त्याच्याही खपल्या. बोट लावलं की तळहाताएवढा तुकडा खाली. दोन ठिकाणी पुट्टीसुद्धा सुटून आली.

लेक फोन उचलत नाही. सूनबाईंनी उचलला. म्हणाल्या, "आई, शाळेनंतर ठिणगीला आमच्या शेजारच्या बाई सांभाळतील. ठरलंय." मी म्हटलं, परकी बाई चालते आणि सख्खी आजी नाही? त्या म्हणाल्या, "हे तुम्ही त्यांच्याशी बोला." फोन भिंतीवर फेकला. मागचं झाकण उडालं, फोन चालू आहे.

रंगवाला स्वतः बघायला आला. खपली हातात घेऊन जिभेला लावली आणि म्हणाला, "आजी, खळ धुतली नव्हती."

"ठेवली होती. मुद्दाम. खळीने ताठ राहतं."

"कापड. भिंत नाही. खळ ओला रंग पिते, फुगते आणि वरचं सगळं ढकलून देते. आता भिंतीपर्यंत परत जायचं. दुसरा उपाय नाही."

तो गेल्यावर मी हातोडा घेतला. सुट्या पुट्टीवर मारला, मग घट्ट पुट्टीवर मारला, मग नुसत्या भिंतीवर मारला. वन्सं एका हाताने दाराची चौकट धरून उभ्या होत्या. म्हणत होत्या, "हात वर, वहिनी. बोल तरी. हात वर म्हण." मी मारत राहिले. माझ्या हातातला हातोडा बघून त्यांनी मागे सरून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. कडी वाजली.

या वेळी मारणारी मी होते. कडी वाजली ती माझ्यासाठी.

२० मार्च, गुरुवार

काल दिवसभर पडून होते. आज वन्संना म्हटलं, दोन्ही वेळा म्हणजे काय, ते सांगा. ओढायला स्टूल नाही, मी खाली बसलेय.

वन्संनी मला त्या चव्वेचाळीस इंचांच्या खड्ड्याजवळ नेलं. पुट्टी पडून तो पुन्हा उघडा झाला होता. पदराच्या गाठीतून काढावी तशी त्यांनी पिशवीतून माझी जुनी कात्री काढली आणि टोक त्या चिरेत घातलं. बसलं. मूठ खालच्या खड्ड्यात बसली. बेतून शिवल्यासारखं.

"दादा मारायचा तेव्हा मी कडी लावायचे," त्या म्हणाल्या. "आणि तू पोराला मारायचीस तेव्हाही. मला दोघांचीही भीती वाटायची."

मी म्हटलं, खोटं. कात्री त्यानेच फेकली. कागदसुद्धा त्यानेच लावून घेतला, आपली करणी झाकायला.

"दादा दौऱ्यावर होता. कागद तू आणलास. मीच टोकं धरली होती."

म्हटलं, थांबा, दाखवते. याच वहीची सुरुवातीची पानं उलटली, तेहेतीस वर्षांपूर्वीची. सगळं आहे इथे, मी काही टिपायची सोडत नाही. माझ्याच अक्षरात आहे. "मधली खोली, चार भिंती, कागद सहा गुंडाळ्या, पिवळी फुलं, तातडीने." त्याच्या आधीचं पान: "लेक, शाळेचा गणवेश. उंची ४८. छाती २३. गळ्याचं माप राहिलं, कान बरा झाल्यावर."

उंची अठ्ठेचाळीस. खड्डा चव्वेचाळीस. मध्ये चार इंच. आठ वर्षांच्या पोराच्या टाळूपासून कानापर्यंत चार इंच असतात. हे मला कोणी सांगायला नको, उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही मी.

मग सगळं आलं. आदल्या रात्री त्याने मला कंबरपट्ट्याने झोडलं होतं आणि पहाटे दौऱ्यावर निघून गेला होता. घरात शांतता होती. मारणारा गेला होता. मी उभ्यानेच शिवत होते, कारण बसता येत नव्हतं. पोराने गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर शाई सांडली. तो "आई, चुकून" म्हणाला. मी वळले आणि कात्री फेकली. डोक्यावर नेम धरूनच फेकली. चार बोटं चुकली आणि कान घेऊन भिंतीत गेली. पोरगं रडलं नाही. ते म्हणालं, "मी पडलो असं सांगीन."

आणि खिडकीखालच्या त्या बारीक खाचा माझ्या पट्टीच्या आहेत. तो वाकून निसटायचा तेव्हा पट्टी भिंतीला लागायची. सत्तावीसपैकी माझे किती ते मोजायला बसले, आणि उठले.

कोपर तो बापाला बघून शिकला नाही. मी शिकवलं.

२१ मार्च, शुक्रवार

पाच वेळा लावल्यावर लेकाने फोन उचलला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "कात्री मी फेकली होती."

मागे कुठेतरी गाडीचा भोंगा वाजत होता.

"माहीत आहे, आई," तो म्हणाला. "मी तिथेच होतो."

मला हुंदका आला नाही. रडून त्याच्याकडून माफी काढून घ्यायची नाही असं मी आधीच ठरवलं होतं. मी म्हटलं, "मी सगळ्यांना सांगत आले की बापाने ढकललं."

"तेही ऐकलंय. लग्नाच्या बैठकीत मी शेजारीच बसलो होतो."

"पोरीला माझ्याकडे एकटी ठेवू नकोस."

मनातून वाटत होतं, आता तो म्हणेल, अगं आई, असं काय बोलतेस. चांगली मिनिटभर वाट बघितली.

तो म्हणाला, "नाही ठेवणार."

बरोबरच आहे. मग तोच म्हणाला, "भिंत अर्धवट राहिली आहे का?" मी म्हटलं, खपल्या गेल्या सगळ्या, खळ धुतली नव्हती. त्यावर तो हसला, म्हणजे नाकातून हवा सोडली. "तूच खळ शिकवली असशील रंगवाल्याला."

वन्संचीही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण आता केस मला विंचरता येत नाहीत, तेवढं कर." आजपासून विंचरते आहे. हळू.

२६ मार्च, बुधवार

तीन वेळा धुतलं, गरम पाण्याने. ओला तळवा फिरवला. खिडकीखाली बुळबुळीत लागलं, म्हणून चौथ्यांदा धुतलं. पाणी सांडलं तेव्हा बादलीला लाथ मारली. लगेच उजव्या हाताने डावा हात धरून बसून राहिले, वन्सं बाहेर जाईपर्यंत. सत्तर वर्षांचा हात असा एका दिवसात माणसाळत नाही.

३० मार्च, रविवार

लेक आला. एकटा नाही, ठिणगीला घेऊन आला. ती स्वयंपाकघरात आत्याआजीच्या मांडीवर बसून चित्रं काढत होती आणि दार सताड उघडं होतं. दार उघडं ठेवायला त्यानेच सांगितलं. उद्या सूनबाई जातील, परवापासून ठिणगी शाळेनंतर शेजारच्या बाईंकडे जाईल. या खोलीत कोण झोपणार ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

पुट्टी आणि अस्तर पुन्हा केलं, आणि रंगाचा पहिला हात कालच देऊन ठेवला होता. खपली नाही, भेग नाही. तो तळवा फिरवून म्हणाला, "धरलंय." मग शिडीवर चढला. दुसरा हात त्याने द्यायचा, मी खाली उभी राहून डबे पुरवायचे.

तो दुसऱ्याच पायरीवर होता, मान वर केली की त्याचा कान समोर. तुटकी पाळी, गुलाबी. तेहेतीस वर्षांत इतक्या जवळून मी ती बघितली नव्हती.

त्याचा डबा संपला. मी भरलेला उचलला. तो भिंतीकडे तोंड करून होता, त्याला मी दिसत नव्हते, आणि डबा द्यायचा म्हणजे त्याच्या डोक्याच्या बाजूने हात वर न्यायचा. माझा हात तिथेच अडला.

"हात वर," मी म्हटलं.

त्याचा ब्रश थांबला. कोपर हललं, निम्मं उठलं, आणि मग त्याने मान वळवून खाली बघितलं. माझ्याकडे, डब्याकडे, पुन्हा माझ्याकडे. स्वयंपाकघरातून वन्संनी सांगितलं, "शिडीचा नियम आहे रे तो! बोलून हलायचं!"

त्याने डबा घेतला. पुन्हा रंगवायला लागला. मीही खालची कड पुसत राहिले. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरचं फडकं त्याला हवं होतं. त्याचा हात निघाला तो मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला, मोठा, बापासारखा पंजा, पोपटी रंगाने माखलेला. माझं कोपर उठायला लागलं. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण हात हवेतच थांबला.

"आई," तो म्हणाला, "हात खाली येतोय."

"ये," मी म्हटलं.